पंधरा तालुके, एक ओळ

नाशिक जिल्ह्यात तालुके १५. द्राक्ष बागायतदारांच्या संकेतस्थळात प्रत्येक तालुक्याला स्वतंत्र उपडोमेन द्यायचे असेल, तर लॅपटॉपवर चाचणी घेताना आधी नावांचाच प्रश्न येतो. निफाड.द्राक्ष.टेस्ट हे नाव बाहेरच्या कुठल्याच डीएनएस सर्व्हरला (नावावरून मशीनचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला) ठाऊक नाही. ते आपल्याच मशीनने ओळखायला हवे. (नावे आणि आज्ञा टाइप करताना रोमन अक्षरे व अंक वापरावेत.)

एक-दोन नावे असतील तर होस्ट्स फाइल, म्हणजे मशीनमधली नावे-पत्त्यांची यादी, पुरते. १२७.०.०.१ हा स्वतःच्या मशीनचा पत्ता, त्यापुढे जागा सोडून नाव. विंडोजवर नोटपॅड त्या फाइलला गुपचूप टीएक्सटी शेपूट जोडतो, तेवढे तपासावे. पण होस्ट्स फाइलला तारांकन (*, म्हणजे ‘कोणतेही नाव’) कळत नाही. म्हणजे निफाड, दिंडोरी, चांदवड अशी पंधराही नावे हाताने लिहायची.

त्यापेक्षा डीएनएसमास्क हा आपल्याच मशीनवर चालणारा छोटा डीएनएस सर्व्हर बसवावा. मॅकवर होमब्रू या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाने तो येतो. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये एकच ओळ: अ‍ॅड्रेस=/टेस्ट/१२७.०.०.१. टेस्टने संपणारे प्रत्येक नाव आता घरीच वळते. ही सेवा सुडो (प्रशासकाचा अधिकार देणारी आज्ञा) लावून सुरू करावी, कारण ती पोर्ट ५३ वर (मशीनच्या ५३ क्रमांकाच्या दारावर) ऐकते. मग /ईटीसी/रिझॉल्व्हर हा फोल्डर तयार करून त्यात टेस्ट नावाची फाइल ठेवावी. आत नेमसर्व्हर १२७.०.०.१. फाइलचे नाव हेच डोमेनचे शेपूट असते, ते चुकले तर मॅक तिकडे पाहतच नाही.

शेवट टेस्टच का? १९९९ च्या आरएफसी २६०६ या इंटरनेटच्या नियमपत्राने तो चाचणीसाठी राखून ठेवला आहे. डेव्ह हा गूगलच्या मालकीचा खरा शेवट आहे आणि ब्राउझर त्यावर एचटीटीपीएसची सक्ती करतो. लोकल तर मल्टिकास्ट डीएनएससाठी (एकाच नेटवर्कमधल्या मशीन एकमेकींना शोधतात त्या पद्धतीसाठी) आहे. तिथे नाव उघडायला उगाच वेळ लागतो.

मॅकवर डिग या डीएनएसला नावाचा पत्ता विचारणाऱ्या आज्ञेने तपासणारे हमखास फसतात. डिग रिझॉल्व्हर फोल्डर वाचत नाही, त्यामुळे सगळे नीट असूनही नाव सापडत नाही असे सांगते. पिंग करून पाहावे, किंवा डिगला @१२७.०.०.१ जोडून थेट डीएनएसमास्कलाच विचारावे. दोन्हीकडे पत्ता मिळतो, तरी पान उघडत नाही? मग अ‍ॅप बहुधा ३००० सारख्या पोर्टवर चालू आहे. डीएनएस पत्ता सांगते, पोर्ट नाही. नावापुढे :३००० लिहावे लागते.