पॉवरलिफ्टिंगमधील दुखापती आणि सुरक्षितता

पॉवरलिफ्टिंग हा स्क्वॉट (बार, म्हणजे टोकांना वजनाच्या प्लेट लावलेली दांडी, पाठीवर घेऊन खाली बसून उठणे), बेंच प्रेस (बाकावर उताणे पडून बार छातीवरून वर ढकलणे) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून ताठ उभे राहणे) या तीन प्रकारांत जास्तीत जास्त वजन उचलण्याचा खेळ. प्रत्येक प्रकारात तीन प्रयत्न मिळतात आणि त्यांतील सर्वोत्तम वजनांच्या बेरजेवर क्रमांक ठरतो. १९७२ मध्ये स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघ (आयपीएफ) ही या खेळाची प्रमुख संघटना. येथे इजा दोन वाटांनी होते: वजन अंगावर कोसळून, किंवा महिनोन्‌महिने साचत गेलेल्या दुखण्यातून. पहिली क्वचित घडते, पण जिवावर बेतते. दुसरी बहुतेकांच्या वाट्याला येते, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मधील २०१७ च्या आढाव्यात पॉवरलिफ्टिंगचे प्रमाण सरावाच्या दर १,००० तासांमागे १ ते ४.४ दुखापती असे आढळले. फुटबॉलसारख्या धक्काबुक्कीच्या खेळांपेक्षा ते कमीच आहे. मात्र २०१८ मध्ये स्वीडनमधील १०४ खेळाडूंची पाहणी झाली, तेव्हा त्यांतील ७० टक्के खेळाडू त्या वेळी दुखापतग्रस्त होते आणि ८७ टक्क्यांना मागील वर्षभरात काही ना काही इजा झालेली होती. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. इथला खेळाडू दुखले म्हणून घरी बसत नाही. वजन कमी करतो, पकड बदलतो, एखादा प्रकार काही दिवस सोडतो आणि सराव चालू ठेवतो. त्यामुळे नव्या दुखापती कमी भरतात, जुनी मात्र बरी होत नाही.

खांदा, कंबर आणि खुबा ही नेहमीची ठिकाणे. खांद्याचे दुखणे बहुधा बेंच प्रेसच्या खात्यावर जमा होते, पण स्क्वॉटही त्याला हातभार लावतो. बार मानेखाली, खांद्यांच्या मागच्या बाजूला टेकवला की हात मागे ओढून तो धरून ठेवावा लागतो आणि खांद्याच्या पुढच्या भागावर ताण येतो. आठवड्यातून तीन-चारदा स्क्वॉट करणाऱ्याने बेंचचे वजन कितीही घटवले, तरी अशा वेळी खांदा सुटत नाही.

स्नायू किंवा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) अचानक फाटणे हा वेगळा प्रकार. बेंच प्रेसमध्ये छातीचा मोठा स्नायू फाटतो तो बहुधा बार छातीकडे उतरताना किंवा तळाशी असताना. डेडलिफ्टमध्ये एक तळहात पुढे आणि एक मागे अशी उलटसुलट पकड घेतली, तर पुढे तळहात असलेल्या हाताच्या बायसेप्सची (दंडाच्या पुढच्या स्नायूची) कोपराजवळची कंडरा तुटण्याचा धोका असतो, विशेषतः कोपर वाकवून बार ओढला तर. म्हणून काही जण अंगठा बोटांखाली दाबून धरण्याची हुक पकड पसंत करतात. ती अंगठ्याला दुखते, पण दोन्ही हात सारखे राहतात.

श्वास रोखून पोट घट्ट केल्याशिवाय जड वजन उचलता येत नाही. कमरेचा पट्टा (आयपीएफच्या नियमांत रुंदी जास्तीत जास्त १० सेंटीमीटर) हेच काम सोपे करतो; पोट त्यावर दाबून धरले तरच त्याचा उपयोग. या रोखलेल्या श्वासाने रक्तदाब किती चढतो याचे मोजमाप कॅनडात झाले. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात पाच बॉडीबिल्डरांनी दोन्ही पायांनी जड वजन ढकलण्याचा ‘लेग प्रेस’ केला, तेव्हा दाबाची सरासरी ३२०/२५० पर्यंत गेली. निरोगी शरीर हा क्षणिक ताण सोसते. डेडलिफ्टनंतर श्वास सुटताच दाब एकदम उतरून भोवळ येऊ शकते. उच्च रक्तदाब असलेल्यांनी स्पर्धेपूर्वी तपासणी करून घेणे म्हणूनच अगत्याचे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजस्थानातील बिकानेर येथे राष्ट्रीय पातळीवरची १७ वर्षांची खेळाडू सरावात २७० किलोचा बार मानेवर कोसळून मृत्युमुखी पडली. त्या वेळी प्रशिक्षक जवळच उभे होते. एवढे वजन एकदा सुटले की एका माणसाच्या हाती काहीच उरत नाही. वेटलिफ्टरला वजन डोक्यावरून पुढे-मागे सोडून बाजूला होता येते. पाठीवर बार घेऊन खाली बसलेल्या पॉवरलिफ्टरला तशी मोकळीक नसते. त्याला वर काढणारे दुसरेच कोणी लागतात.

आयपीएफच्या नियमांनुसार प्लॅटफॉर्मवर कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच स्पॉटर-लोडर (बारवर वजन चढवणारे आणि गरज पडल्यास बार सावरणारे साहाय्यक) असतात. स्क्वॉट फसला तर दोन्ही टोकांच्या स्पॉटरांनी बार एकाच क्षणी उचलला पाहिजे. एकाने घाई केली तर बार तिरका होऊन कणा पिळवटतो. उचल चालू असताना बारला हात लागला तर प्रयत्न बाद होऊ शकतो, म्हणून ते हात न लावता अगदी जवळ थांबतात. चूक स्पॉटरची असेल तर खेळाडूला पुन्हा प्रयत्न देण्याची तरतूद आहे, त्यामुळे मदतीला त्यांनी कचरण्याचे कारण नाही. बेंच प्रेसला अंगठा बारभोवती गुंडाळणे सक्तीचे आहे. अंगठा मोकळा ठेवला तर घामेजल्या तळव्यावरून बार थेट छातीवर किंवा गळ्यावर घसरू शकतो. कॉलर (प्लेट निसटू नयेत म्हणून बारच्या टोकांना लावायच्या पकडी) लावणेही बंधनकारक आहे आणि डेडलिफ्टचा बार हातांच्या ताब्याशिवाय सोडला तर प्रयत्न बाद ठरतो.

वजनगट गाठण्यासाठी पाणी तोडण्याची सवयही धोक्याची. आयपीएफमध्ये वजन स्पर्धेच्या फक्त दोन तास आधी घेतले जात असल्याने फार पाणी तोडणाऱ्याला भरपाईला वेळ मिळत नाही. पेटके आणि चक्कर घेऊनच तो पहिल्या स्क्वॉटला उतरतो. काही संघटना २४ तास आधी वजन घेतात, आणि तिथे वाफ घेऊन, पाणी बंद करून किलो उतरवण्याचा मोह वाढतो.

प्लॅटफॉर्मवर असलेले स्पॉटर व्यायामशाळेत सहसा नसतात, आणि उचलण्याचे बहुतेक तास तिथेच जातात. तिथे स्क्वॉटच्या वेळी स्पॉटरांचे काम रॅकच्या (बार ठेवायच्या चौकटीच्या) आडव्या सुरक्षा-दांड्यांनी करायचे असते. त्या सर्वांत खालच्या बैठकीच्या वेळी बार जिथे येतो त्याच्या दोन बोटे खाली लावाव्यात, आणि रिकाम्या बारने एकदा खाली बसून तपासून घ्याव्यात. बेंच प्रेसच्या दांड्या छाती फुगवली की बारच्या किंचित खाली आणि छाती सोडली की गळ्याच्या वर राहतील अशा असाव्यात. दांड्याही नाहीत आणि सोबतीलाही कोणी नाही, अशा वेळी बेंचवर जड वजन घेऊच नये. नाइलाजाने हलके वजन घेतले, तरी कॉलर काढून ठेवावेत, म्हणजे अडकल्यास बार एका बाजूला कलता करून प्लेट सोडून देता येतात.