कुठल्या देशाची बिअर चांगली? आधी साल सांगा

गोव्याच्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये नव्वदच्या दशकात चालणारा एक विधी काही जणांना आठवत असेल. गोरा पाहुणा बिअरची बाटली उघडायचा, तोंडावर अंगठा दाबून ती पाण्याच्या ग्लासात उलटी धरायचा आणि अंगठा काढायचा. पाण्यात एक तेलकट धार उतरताना दिसली की शेजारच्या नवख्याला ज्ञान मिळायचं : "हे बघ, ग्लिसरीन. इथल्या बिअरमध्ये घालतात. सकाळी डोकं दुखतं ते याच्यामुळे." धार थांबली की उरलेली 'शुद्ध' बिअर तो समाधानाने प्यायचा.

ती धार म्हणजे बिअरच होती. न आंबलेली थोडी साखर शिल्लक राहत असल्यामुळे बिअर पाण्यापेक्षा किंचित जड असते. बाटली पाण्यात उलटी केली की बिअर खाली उतरते आणि पाणी वर चढतं. दोन वेगळ्या घनतेचे द्रव एकमेकांत मिसळताना डोळ्यांना ते तेलकट दिसतं, एवढंच. यीस्ट आंबवताना थोडं ग्लिसरीन स्वतःच तयार करतं. ते म्युनिकच्या बिअरमध्येही असतं. थोडक्यात, शुद्धीकरणाच्या नावाखाली ही मंडळी पाणी घातलेली बिअर पीत होती. डोकं दुखायचं ते बहुधा दुपारच्या उन्हामुळे, आणि घरच्या पाच टक्के अल्कोहोलच्या हिशेबाने इथली स्ट्राँग रिचवल्यामुळे.

मी २००४ साली पुणं सोडलं. आधी इंग्लंड, मग म्युनिक. इकडे आल्यावर कळलं की परदेशी राहणाऱ्या प्रत्येकाकडे अशी एक बाटली उलटी धरलेली असते. गणपतीत जमलेल्या मराठी मंडळींचा विषय आरतीनंतर तासाभरात तिथे येतोच : जर्मनी पहिली, बेल्जियम दुसरं, इंग्लंडची कोमट, अमेरिकेची म्हणजे पाणी आणि आपल्याकडची तर बोलायलाच नको. ही गुणपत्रिका कुठून आली, हे शोधायला गेलं की गाडी दोनशे वर्षं मागे जाते.

रेल्वे आणि बर्फाची यंत्रं येण्याआधी बिअरला देश नव्हता, गाव होतं. कारण पाणी. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं आणि ते गावच्या विहिरीचं असायचं. इंग्लंडातल्या बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या जमिनीखाली जिप्सम आहे. त्या सल्फेटयुक्त पाण्यात हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या वेलीच्या फुलांचा) कडवटपणा कोरडा, ठसठशीत उतरतो, म्हणून तिथली पेल एल, म्हणजे फिकट रंगाची इंग्लिश बिअर गाजली. म्युनिकचं पाणी चुनखडीचं. फिकट माल्ट, म्हणजे मोड आणून हलकीच वाळवलेली बार्ली, त्यात नीट वागत नाही. जास्त भाजलेल्या माल्टमधली आम्लता मात्र त्या पाण्याला सांभाळून घेते, म्हणून म्युनिकची परंपरा गडद बिअरची. आज पर्यटक जी सोनेरी हेलेस 'अस्सल म्युनिक' म्हणून लिटरभराच्या मगातून पितात, ती श्पाटेन ब्रुअरीने बाजारात आणली १८९४ मध्ये.

आणि सगळ्यांची आई म्हणावी अशी बिअर आली ती बोहेमियातल्या प्लझेनहून. १८३८ मध्ये तिथली बिअर इतकी नासकी निघाली की ३६ पिंपं टाउन हॉलसमोर जाहीरपणे ओतून देण्यात आली. मग बिअर गाळायचा हक्क असलेल्या नागरिकांनी मिळून नवी ब्रुअरी बांधली आणि बव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाचा ब्रुअर आणला. माणूस उर्मट म्हणून प्रसिद्ध होता, पण हात चांगला होता. थंडीत सावकाश आंबवणारं, तळाला बसणारं बव्हेरियन यीस्ट. इंग्लिश पद्धतीने, धूर न लागता वाळवलेला फिकट माल्ट. जवळच्या झाटेत्सचे सुगंधी हॉप्स. आणि प्लझेनचं जवळजवळ क्षारहीन मृदू पाणी. ५ ऑक्टोबर १८४२ ला ग्रोलने पहिला घाणा घातला. थंडीत आंबवलेली अशी सोनेरी, पारदर्शक बिअर तोवर फारशी कुणी पाहिलेली नव्हती. आज जगात विकली जाणारी बहुसंख्य बिअर ही तिचीच नातवंडं-पतवंडं आहेत. आपल्याकडच्या बिअर शॉपीच्या फ्रिजमधल्याही. आता ही बिअर कुठल्या देशाची धरायची? गाव आजच्या चेक प्रजासत्ताकातलं, त्या वेळी ऑस्ट्रियन साम्राज्यातलं, ब्रुअर जर्मन आणि माल्टची युक्ती इंग्लिश.

जर्मनांना हा प्रश्न पडत नाही, कारण त्यांच्याकडे कायदा आहे. बव्हेरियाचा ड्यूक विल्हेल्म चौथा याने १५१६ मध्ये इंगोलश्टाटला काढलेला फतवा : बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काहीही नको. यीस्टचा उल्लेख नाही, कारण ते काय काम करतं हे कुणाला ठाऊकच नव्हतं. माझे म्युनिककर शेजारी या फतव्याबद्दल बोलताना जरा ताठ बसतात. मूळ मजकूर वाचला तर त्यात बराच भाग दराचा आहे : हिवाळ्यात एक 'मास' (साधारण लिटरभराचं तिथलं माप) बिअरला एक फेनिग, उन्हाळ्यात जास्तीत जास्त दोन. गहू रोटीसाठी राखायचा, हाही हिशेब त्यामागे असल्याचं मानतात. पुढे गव्हाच्या बिअरचा मक्ता बव्हेरियाच्या राजघराण्याने स्वतःकडेच घेतला आणि त्यावर खजिना भरला, तेव्हा रोटीची आठवण कुणाला झाली नाही. हा नियम सगळ्या जर्मनीला लागू झाला १९०६ मध्ये. १९८७ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की या नियमाच्या नावाखाली इतर देशांची बिअर अडवता येणार नाही. तेव्हा 'जर्मन बिअर पाचशे वर्षं शुद्ध' हे वाक्य मी जरा हातचं राखून घेतो. बिअर चांगली आहे यात वाद नाही. पण कायदा वाईट बिअर करायला बंदी करत नाही, फक्त ती माल्टचीच करावी लागते.

आता आपल्या बाजूने पाहू. परदेशात बसून 'घरची बिअर' आठवत उसासे टाकणारे पहिले लोक आपण नव्हे. ते मुंबई-मद्रास-कलकत्त्यात बसलेले इंग्रज. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातल्या हॉजसनची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या गोदीजवळ होती आणि कप्तानांना लांब मुदतीची उधारी द्यायची. बिअरची पिंपं आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून चार-सहा महिन्यांनी इकडे पोचायची. पुढे हॉजसनची मंडळी आडमुठेपणाने वागू लागल्यावर १८२० च्या दशकात बर्टनच्या ऑलसॉपने बाजी मारली, आणि तिथल्या जिप्समच्या पाण्याने ती बिअर आणखी खुलली. हीच पुढे 'इंडिया पेल एल' झाली. 'ही बिअर खास भारतासाठी शोधून काढली' ही गोष्ट मात्र बाटलीतल्या ग्लिसरीनइतकीच खरी. जास्त हॉप्स घातलेली बिअर आधीपासून होती, आणि बराकीतला गोरा सोजीर काळी पोर्टरच पीत होता. पेल एल साहेबांच्या टेबलावर जायची.

जहाजाची बिअर महाग, म्हणून हिमालयाच्या गारव्यात ब्रुअऱ्या निघाल्या. एडवर्ड डायरची कसौलीला, १८६० मध्ये आजच्या पाकिस्तानातल्या मरीजवळ घोडा गलीला आणखी एक. पुढे हाच डायर मरीची ब्रुअरी सांभाळत होता आणि जालियनवाला बागेतला जनरल डायर हा त्याचा मुलगा. कसौली-सोलनचा धंदा १९४९ मध्ये नरेंद्रनाथ मोहन यांच्याकडे आला. बंगळूरकडे १९१५ मध्ये थॉमस लीशमन या स्कॉटिश गृहस्थाने पाच लहान ब्रुअऱ्या एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज केली.

एव्हाना गावाच्या पाण्याचं राज्य संपत आलं होतं. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेच्या यंत्राने ब्रुअरीत कृत्रिम गारवा आणला. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सनने शुद्ध यीस्टची एकच जात वेगळी काढली, आणि कंपनीने ती युक्ती इतरांनाही खुली केली. पाण्यात जिप्सम मिसळून कुठेही बर्टन करता येऊ लागलं. म्हणजे विसाव्या शतकात कुठलाही देश कुठलीही बिअर करू शकत होता. तरी देशोदेशीची बिअर वेगळी राहिली, आणि माझ्या मते त्याचं श्रेय चवीपेक्षा करखात्याला जास्त आहे.

बेल्जियमने १९१९ मध्ये बारमध्ये जिन वगैरे विकायला बंदी केली. पिणाऱ्याला झिंग हवीच होती, म्हणून तिथल्या बिअरी चढत्या झाल्या. जपानने माल्टच्या प्रमाणावर कर लावला, म्हणून कंपन्यांनी माल्ट कमी केला आणि 'हाप्पोशू' नावाचं स्वस्त पेय जन्मलं. इंग्लंडने पहिल्या महायुद्धात बिअर पातळ केली आणि पबच्या वेळा कापल्या. दुपारी पब बंद ठेवायचा नियम गेला तो १९८८ मध्ये! बाकी इंग्लंडची बिअर कोमट नसते. खरी एल तळघरातून ११ ते १३ अंशांवर येते, म्हणजे पुण्यातल्या जानेवारीच्या पहाटेइतकी गार. आपण बर्फात बुडवलेल्या बाटलीवर वाढलेलो, म्हणून ती कोमट लागते.

अमेरिकेवरचा 'पाण्याचा' आरोप अर्धाच खरा. बडवायझरमध्ये तांदूळ १८७६ पासून आहे. तिथल्या सहा ओळींच्या कणसाच्या बार्लीत प्रथिनं जास्त, त्याने बिअर गढूळ व्हायची. तांदूळ-मक्याने ती हलकी आणि स्वच्छ झाली. आपल्याकडची बार्लीही बहुतेक याच जातीची आहे. घाव बसला तो १९२० ते १९३३ च्या दारूबंदीचा. त्यातून तगलेल्या ब्रुअऱ्याही एकमेकींना गिळत गेल्या आणि सत्तरच्या दशकाअखेरीस देशभरात शंभरसुद्धा उरल्या नाहीत. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी घरी बिअर गाळायला केंद्रीय मुभा देणाऱ्या कायद्यावर सही केली, गॅरेजमध्ये हौशी लोक तयार झाले, आणि आज तिथे नऊ हजारांहून जास्त ब्रुअऱ्या आहेत. ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीला गेलेला काका आजही 'अमेरिकन बिअर म्हणजे पाणी' म्हणतो, कारण त्याच्या जिभेवर अजून ऐंशीचं दशक आहे.

महाराष्ट्रात हा कायद्याचा हात सगळ्यात ठळक दिसतो. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात पिणाऱ्याला परवाना लागतो आणि तो 'आरोग्य राखण्यासाठी' दिला जातो. परमिट रूम हे नाव तिथलं. बिअर शॉपीचा परवाना 'एफएल/बीआर-२', त्यातलं एफएल म्हणजे विदेशी मद्य. औरंगाबादजवळच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या) वाळूजमध्ये तयार झालेली बिअर सरकारी कागदावर विदेशी! उलट विदेशी म्हणून प्यायची ती अनेकदा देशी असते. फॉस्टर्सचंच घ्या. मेलबर्नमध्ये १८८८ मध्ये ती काढली दोघा अमेरिकन भावांनी, आणि ते वर्षा-दोन वर्षांत सगळं विकून निघून गेले. १९९८ पासून ती औरंगाबादेत बनू लागली आणि आपण ऑस्ट्रेलियाच्या चवीवर मतं देऊ लागलो. ऑस्ट्रेलियन सहकाऱ्याला मी ती आवडते म्हणालो, तर तो म्हणाला, "आमच्याकडे कोणी पीत नाही." जाता जाता, पाणी इथेही आडवं आलंच. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत कपात केली. बर्टनला पाण्याने नाव दिलं, वाळूजला खटला.

आणि स्ट्राँग? अनेक राज्यांत कर बराच काळ लिटरवर होता, अल्कोहोलच्या प्रमाणावर नाही. त्याच पैशात जास्त चढणारी बाटली मिळत असेल तर माणूस काय घेईल हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. पाच टक्क्यांपर्यंत माइल्ड, पाच ते आठपर्यंत स्ट्राँग, आणि देशातला बहुतांश खप दुसरीचा. चव लपवायला ती दातांना झिणझिण्या येतील इतकी गार द्यायची. मी पुणं सोडलं तेव्हा माझ्या लेखी भारतीय बिअर म्हणजे हीच होती. २००९ मध्ये पुण्यात डूलालीची मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तेव्हा मी इंग्लंडमध्ये बसून लोकांना सांगत होतो की आमच्याकडे चांगली बिअर होणं शक्यच नाही.

गेल्या डिसेंबरात पुण्यात होतो. चाकणला बदली होऊन आलेला एक म्युनिककर ओळखीचा निघाला. आदल्या संध्याकाळी त्याने एका मायक्रोब्रुअरीत गव्हाची बिअर प्यायली होती आणि तिची तारीफ करताना तो थकत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी त्याला माझ्या कॉलेजच्या काळातल्या परमिट रूममध्ये नेलं. मसाला पापड आला, बाटल्या आल्या. त्याने पाण्याचा ग्लास पुढे ओढला, बाटलीच्या तोंडावर अंगठा ठेवला आणि ती उलटी केली. ऑफिसातल्या जुन्या जर्मनाने त्याला शिकवलं होतं.

वेटर फडकं घेऊन उभाच राहिला. थोडा वेळ धार बघितली आणि मला म्हणाला, "साहेब, पाणी घालूनच हवी होती तर आधी सांगायचं."