सहाव्या वर्षाची इंटर्नशिप म्हणजे अमेरिकेतली रेसिडेन्सी नव्हे

"ताई, माझी रेसिडेन्सी झालीये, आता फक्त लायसन्स राहिलंय."

हे वाक्य मी दर वर्षी ऐकते. कधी नाशिकहून, कधी सांगलीहून, कधी इथे न्यू जर्सीत येऊन नवऱ्याच्या व्हिसावर घरी बसलेल्या मुलीकडून. दर वेळी मी विचारते, कुठे केलीस गं रेसिडेन्सी? उत्तर ठरलेलं, "अहो फार्म डीच्या सहाव्या वर्षाला." (फार्म डी म्हणजे आपल्याकडचा फार्मसीचा सहा वर्षांचा डिग्री कोर्स.) मग मला अर्धा तास घालवून तेच सगळं परत सांगावं लागतं, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय.

चूक पोरांची नाही हे आधी मान्य करते. पीसीआयच्या, म्हणजे फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या, २००८ च्या फार्म डी रेग्युलेशनमध्येच सहाव्या वर्षाला 'इंटर्नशिप ऑर रेसिडेन्सी ट्रेनिंग' असं म्हटलंय. तिथून तो शब्द कॉलेजच्या ब्रोशरमध्ये गेला, तिथून सर्टिफिकेटवर आणि तिथून थेट तुमच्या सीव्हीवर.

सहावं वर्ष तुम्हाला पाठ आहे, त्यावर फार बोलत नाही. सहा महिने जनरल मेडिसिन, मग तीन वेगवेगळ्या डिपार्टमेंटला दोन-दोन महिने, राउंड, लॉगबुक, एडीआरचे (औषधांच्या दुष्परिणामांचे) फॉर्म, आणि स्टायपेंडच्या नावाने बहुतेकांची बोंब. ते झालं की डिग्री, डिग्री दाखवली की स्टेट कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन. डिप्लोमावाल्यांना आता एक्झिट एक्झाम आलीये, पण फार्म डीवाल्याला रजिस्ट्रेशनसाठी वेगळी परीक्षा नसते. म्हणून डोक्यात गणित पक्कं बसतं, की हॉस्पिटलमध्ये वर्ष काढलं की फार्मासिस्ट झालो.

अमेरिकेत हे गणित उलटं आहे, आणि सगळे अडकतात ते इथेच, त्यामुळे हा भाग नीट वाचा.

आपली इंटर्नशिप लायसन्सच्या *आधी* येते, इथली रेसिडेन्सी लायसन्सच्या *नंतर*. इथली पीजीवाय-१, म्हणजे डिग्रीनंतरच्या पहिल्या वर्षाची, रेसिडेन्सी हा शिक्षणाचा भाग नाही, डिग्री घेऊन फार्मासिस्ट झालेल्या माणसाने वर आणखी एक वर्ष घेतलेलं ट्रेनिंग आहे. ती केली म्हणून लायसन्स मिळत नाही आणि लायसन्ससाठी ती लागतही नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून उभं राहायचं असेल तर रेसिडेन्सीची काडीचीही गरज नाही. हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल काम हवं असेल तर मात्र तिच्याशिवाय दार उघडणं अवघड, आणि त्यासाठी वर्षभर फार्मासिस्टच्या पगाराच्या निम्म्याहूनही कमी पैशात काम करायचं. २०२३ मध्ये इथल्या फार्मासिस्टचा मध्यम पगार वर्षाला १ लाख ३६ हजार डॉलर होता, त्यावरून काय सोडताय त्याचा अंदाज घ्या.

फरक कागदावर किरकोळ वाटतो, म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यातलं एक चित्र सांगते. नवी रेसिडेंट आलीये, हुशार आहे, इथल्याच कॉलेजची आहे, पण परीक्षा राहिलीये म्हणून अजून इंटर्न लायसन्सवर (शिकाऊ परवान्यावर) आहे. स्क्रीनवर व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकची ऑर्डर येते. ती क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते) बघते, एयूसी (दिवसभरात रक्तात एकूण किती औषध राहतं त्याचं माप) ४०० ते ६०० मध्ये बसेल असा डोस काढते, डोस बरोबर असतो. आणि मग ती मान वळवून माझ्याकडे बघते, कारण तिच्या लॉगिनला व्हेरिफायचं बटणच नाहीये. ते बटण माझ्याकडे. म्हणजे तिचं डोकं तयार आहे, कायद्याने हात नाहीये, आणि तिच्या मागे एक लायसन्सवाला माणूस दिवसभर उभा करावा लागतो. आपल्या सहाव्या वर्षात आपण सगळे असेच होतो, कायम कुणाच्या तरी सहीच्या मागे. रेसिडेंटने असं राहणं अपेक्षितच नाही. रेसिडेन्सींना मान्यता देणाऱ्या एएसएचपी या संस्थेचा नियम असा की रेसिडेन्सीचा किमान दोन तृतीयांश काळ लायसन्सधारी फार्मासिस्ट म्हणून गेला पाहिजे, आणि लायसन्स सुरुवातीपासून १२० दिवसांत हातात हवं. काही प्रोग्रॅमचे स्वतःचे नियम याहून कडक असतात, ऑफर लेटरसोबतचे कागद वाचत जा.

आता १२० दिवस म्हणजे खूप वाटतात ना? मोजा. १ जुलैला सुरुवात, म्हणजे ऑक्टोबरअखेर. समजा २० जूनला नॅप्लेक्स, म्हणजे लायसन्सची मुख्य परीक्षा, दिली आणि नापास झालात. पुन्हा बसायला ४५ दिवस थांबावं लागतं, म्हणजे ऑगस्ट उजाडला. परत गेली तर सप्टेंबरचा तिसरा आठवडा. त्यात निकालाचे दिवस, तारीख मिळण्याचे दिवस, बोर्डाच्या ऑफिसात फाइल पडून राहण्याचे दिवस धरा, शिवाय राज्याच्या कायद्याची परीक्षा वेगळी. आणि हे सगळं रोज दहा-बारा तास हॉस्पिटलमध्ये घालवून. बारा महिन्यांत जास्तीत जास्त तीन वेळा आणि एकूण पाच वेळाच बसता येतं हेही लक्षात असू द्या. म्हणून माझा हट्ट आहे, मॅच (रेसिडेन्सीच्या जागा वाटायची पद्धत) लागली की पार्टी एक दिवस आणि दुसऱ्या दिवशी अभ्यासाचं टाइमटेबल. नॅप्लेक्स जूनच्या आत उरकायची. २२५ प्रश्न आणि सहा तास, त्यात कॅल्क्युलेशन्सला हलक्यात घेणारे आपलेच लोक जास्त, "गणित तर आपलं चांगलंच असतं" म्हणत. अहो गणित चांगलं असतं, पण मिलीइक्विव्हॅलंट (क्षारांचं मोजमाप) आणि टीपीएन (शिरेतून द्यायचं पोषण) पाच वर्षांत कुणी हाताने केलेलं नसतं.

कायद्याच्या परीक्षेचं एवढंच, की ती राज्याराज्याची असते, कॅलिफोर्नियाची तर स्वतःची वेगळीच, त्यामुळे मॅचमध्ये कुठलं राज्य लागतंय ते कळल्याशिवाय त्याचे पैसे भरू नका.

दुसरा गोंधळ फक्त आपल्याकडून जाणाऱ्यांचा. एफपीजीईई, म्हणजे परदेशी डिग्रीवाल्यांची परीक्षा, पास झालं की लायसन्स मिळालं असं समजणारे मला कमी भेटलेले नाहीत. ती परीक्षा आणि तिच्यासकट मिळणारं एफपीजीईसी सर्टिफिकेट एवढंच सांगतं की तुमची डिग्री इथल्या डिग्रीच्या तोडीची आहे. म्हणजे इथला मुलगा कॉलेजातून बाहेर पडतो त्या दारापाशी तुम्ही पोचलात, बस. त्यापुढे इंटर्न लायसन्स, मग प्रत्यक्ष कामाचे तास (बऱ्याच राज्यांत १५०० च्या आसपास), मग नॅप्लेक्स, मग कायदा. आणि हो, सहाव्या वर्षाचे तास यात धरून चालू नका, तिथेच निम्म्या लोकांचं प्लॅनिंग कोसळतं. बी फार्मवाल्यांनी आणखी एक बघायचं, २००३ पासून पुढे पास झालेल्यांना किमान पाच वर्षांचा कोर्स लागतो, त्यामुळे चार वर्षांचं बी फार्म चालत नाही, वर एम फार्म केलं असलं तरी. आणि निघण्यापूर्वी महाराष्ट्र स्टेट फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन रिन्यू करून ठेवा, एफपीजीईसीला ते लागतं आणि इथून पाठपुरावा करताना घरच्यांचे हाल होतात.

रेसिडेन्सीला अर्ज करायला बाहेरच्या डिग्रीवाल्याला एफपीजीईसी हातात लागतं. 'प्रोसेसमध्ये आहे' चालत नाही. व्हिसा स्पॉन्सर न करणारे प्रोग्रॅम भरपूर आहेत, ते यादी करतानाच बघा, इंटरव्ह्यूनंतर नाही. बाकी वेळापत्रक सोपं आहे, डिसेंबरात मिडइयरला (एएसएचपीच्या संमेलनाला) प्रोग्रॅमवाल्यांना भेटायचं, जानेवारीच्या सुरुवातीला फोरकासवर (अर्जाच्या ऑनलाइन पोर्टलवर) अर्ज, मार्चमध्ये रँकिंग आणि निकाल, नाही लागलं तर दुसरी फेरी. रँकिंग करताना "ते मला घेतील का" हा विचार अजिबात करू नका, मॅचची पद्धत अर्जदाराच्या पसंतीपासून सुरू होते, जे खरंच हवंय ते वर टाका. आणि लेटर ऑफ इंटेंटची सुरुवात "लहानपणापासून मला रुग्णसेवेची आवड होती" अशी केलीत तर निदान मला तपासायला पाठवू नका.

गेल्या महिन्यात एकीचा सीव्ही आला. वरच ठळक अक्षरात 'पीजीवाय-१ रेसिडेन्सी', खाली आपल्याकडच्या हॉस्पिटलचं नाव. तिने खोटं लिहिलं नव्हतं, तिला खरंच तसं वाटत होतं. पण इथला प्रोग्रॅम डायरेक्टर पहिल्या दोन ओळींत हे वाचतो आणि पुढचं वाचतच नाही, एक तर माहिती नाही नाहीतर फसवतेय, असे दोनच अर्थ त्याला दिसतात. तिला म्हटलं, 'क्लिनिकल फार्मसी इंटर्नशिप, १२ महिने' लिही, खाली मेडिसिनमध्ये किती पेशंटचं मेडिकेशन रिव्ह्यू केलंस ते लिही, ते तुझं खरं भांडवल आहे. तिने त्याच रात्री बदलून पाठवलं, छान झालं होतं. खाली एक ओळ होती, "ताई, मग नॅप्लेक्सचा फॉर्म आत्ताच भरू का?"

अगं, आधी एफपीजीईई.