पेट्रोल पार्टिक्युलेट फिल्टर

पेट्रोल इंजिनाच्या धुरातले काजळीचे अतिसूक्ष्म कण अडवून ते जागच्या जागी जाळून टाकणारा, एक्झॉस्ट नळीत बसवलेला सिरॅमिकचा फिल्टर. त्याचे रूढ लघुनाव जीपीएफ, जर्मनीत ओपीएफ.

पेट्रोल गाडी काळा धूर सोडत नाही, म्हणजे ती स्वच्छ, असा समज बरीच वर्षे होता. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांनी तो खोटा ठरवला. त्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. इंधन वाचते, पण ते हवेत नीट मिसळायला वेळ अपुरा पडतो. इंजिन थंड असेल तर पिस्टनच्या माथ्यावर आणि सिलिंडरच्या भिंतीवर पेट्रोलचा ओलावा राहतो, तो अर्धवट जळतो आणि काजळी धरते. तिचे बहुतेक कण 100 नॅनोमीटरहून लहान असतात. वजनात ते जेमतेम भरतात, फुप्फुसात मात्र खोलवर जातात. म्हणून नुसते वजन मोजून भागत नाही, कण मोजावे लागतात. युरोपात अशा इंजिनांसाठी किलोमीटरमागे 60,000 कोटी कणांची मर्यादा सप्टेंबर 2017 पासून नव्या मॉडेलांना आणि वर्षभराने सर्व नव्या गाड्यांना लागू झाली. त्यानंतर हा फिल्टर तिथे सर्रास दिसू लागला.

आतून तो मधमाश्यांच्या पोळ्यासारखा असतो. कॉर्डिअराइट या सिरॅमिकच्या हजारो बारीक नळ्या शेजारी शेजारी, आणि प्रत्येकीचे एकच तोंड उघडे: एकीचे इंजिनाकडचे, तर तिला लागून असलेलीचे पलीकडचे. आत शिरलेल्या वायूला पुढे वाट नसते, त्यामुळे तो सच्छिद्र भिंतीतून शेजारच्या नळीत झिरपतो. गंमत अशी, की भिंतीतली छिद्रे कणांपेक्षा कितीतरी मोठी असतात. तरीही कण अडकतात, कारण इतके हलके कण वायूच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भरकटतात आणि भिंतीला चिकटतात.

साचलेली काजळी जाळायला उष्णता आणि ऑक्सिजन दोन्ही हवे. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन मुबलक, पण धूर तुलनेने थंड. पेट्रोलचे नेमके उलटे: धूर तापलेला, ऑक्सिजन मात्र जवळजवळ नाही. ही अडचण चालक नकळत सोडवतो. वेगात असताना त्याने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की इंजिन पेट्रोल तोडते, सिलिंडरमधून नुसती हवा पुढे जाते आणि तापलेल्या फिल्टरमधली काजळी जळू लागते. गाडी कायम जवळच्या फेऱ्याच मारत असेल तर फिल्टर पुरेसा तापत नाही. मग दाबातला फरक मोजणारा सेन्सर तो तुंबत असल्याचे कळवतो, आणि संगणक ठिणगी उशिरा पाडून धूर मुद्दाम तापवतो. काजळी फारच साचू देणे धोक्याचे: ती एकदम पेटली तर सिरॅमिकला तडा जाऊ शकतो.

काही गाड्यांत भिंतींवरच उत्प्रेरकाचा लेप असतो. मग हाच फिल्टर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे, म्हणजे धुरातले विषारी वायू निरुपद्रवी करण्याचेही काम करतो.

इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, जस्त यांसारख्या घटकांची राख मात्र जळत नाही, म्हणून कमी राखेचे ऑइल वापरायचे असते. पण थोडी राख उपयोगीच पडते. कोऱ्या फिल्टरमधून बरेच कण निसटतात. काही हजार किलोमीटरनंतर भिंतीवर राखेचा पातळ थर बसला, की त्याची पकड घट्ट होते.