अस्थिभंग जुळण्याचे संगणकीय सिम्युलेशन

मोडलेले हाड कसे जुळेल, किती काळात जुळेल आणि मुळात जुळेल का, याचा गणिती प्रतिरूपावरून आधीच अंदाज बांधण्याची पद्धत. अस्थिशल्यशास्त्र, यंत्र अभियांत्रिकी आणि पेशीजीवशास्त्र या तिन्ही शाखांना ती जोडून घेते. तिच्या मुळाशी प्रश्न एकच आहे : मोडलेल्या दोन टोकांमधली फट किती हलते, आणि त्या हालचालीमुळे तिथल्या पेशी काय घडवायला घेतात?

हाड मोडले की फटीत रक्त साकळते. काही दिवसांत त्या गुठळीत नव्या केशवाहिन्या आणि मऊ, कणमय ऊती शिरतात. मग कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक ऊती, तयार होते, तिच्यात कॅल्शियम साठते आणि कच्चे हाड बनते. एक्स-रेवर मोडीभोवती जो पांढुरका फुगवटा दिसतो तो हाच कॅलस. पुढे अनेक महिने, कधी काही वर्षे, शरीर तो तासून हाडाला मूळ आकाराकडे नेते. प्लेटने टोके दाबून पक्की बसवली तर कॅलस फारसा बनतच नाही, हाड थेट जुळते. प्लास्टर, रॉड किंवा बाहेरची रिंग यांत मात्र थोडी हालचाल उरते आणि हाड कॅलसच्या वाटेने जाते. सिम्युलेशनचे बहुतेक काम या दुसऱ्या वाटेवरचे आहे.

हाड भाराप्रमाणे आपली रचना बदलते, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले. फ्रीडरिश पाउवेल्स यांनी १९६० मध्ये त्यापुढचे पाऊल टाकले : ऊती सर्व बाजूंनी दाबली गेली तर कूर्चा होते, ओढली-ताणली गेली तर तंतुमय बनते, आणि हाडाला आधी शांत, स्थिर जागा लागते. या विचाराला हिशेबाचे रूप स्टीफन पेरेन यांनी दिले. कोवळी कणमय ऊती मूळ लांबीच्या १०० टक्क्यांपर्यंत ताणली तरी टिकते, कूर्चा साधारण १० टक्क्यांपर्यंत, हाड मात्र जेमतेम २ टक्के. आता फट १ मिलिमीटरची आहे आणि पाऊल टाकताना ती अर्धा मिलिमीटर हलते असे धरू. ताण ५० टक्के झाला. तिथे कूर्चाही तग धरणार नाही. फट ५ मिलिमीटरची असेल तर त्याच हालचालीचा ताण १० टक्क्यांवर येतो. म्हणून चुरा झालेल्या हाडात हालचाल अनेक फटींत वाटली जाते आणि थोडी सैल बांधणीही चालून जाते. एका बारीक रेषेची मोड मात्र जराशा सैलपणानेही अडून बसते. शरीरालाही ही युक्ती अवगत आहे : बारीक फटीच्या कडा ते स्वतःच झिजवते, फट रुंदावते आणि ताण उतरतो.

हालचाल अजिबात नको, असाही याचा अर्थ नाही. गुडशिप आणि केनराइट यांनी १९८५ मध्ये मेंढ्यांच्या नडगीच्या हाडावरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत रोज थोडा वेळ बेताची हालचाल दिलेली हाडे पूर्ण जखडलेल्या हाडांपेक्षा चांगली जुळली.

पेरेन यांचा हिशेब संपूर्ण फटीला एकच आकडा देतो. प्रत्यक्षात कॅलसच्या आत, बाहेर, कडेला आणि मध्यात परिस्थिती वेगवेगळी असते. तिथे संगणक कामाला येतो. सान्त घटक पद्धतीत हाड आणि कॅलस यांचे हजारो लहान तुकडे पाडून प्रत्येकावरचा भार सोडवला जातो. पूल आणि विमानांच्या आराखड्यांसाठी वापरात असलेली हीच पद्धत १९७२ पासून हाडांसाठी वापरली जाऊ लागली. डब्लिनचे प्रेंडरगास्ट आणि नेदरलँड्सचे हाउस्केस यांनी सहकाऱ्यांसह १९९७ मध्ये ऊतीला द्रवाने भिजलेला सच्छिद्र पदार्थ मानले. तुकडा किती तिरपा होतो आणि त्यातून द्रव किती वेगाने वाहतो, या दोन राशी त्यांनी महत्त्वाच्या ठरवल्या. यातून रूढ झालेला नियम असा : तिरपेपणाच्या टक्केवारीला ३.७५ ने आणि द्रवाच्या वेगाला सेकंदाला ३ मायक्रोमीटर या मापाने भागून बेरीज करायची. बेरीज ३ च्या वर गेली तर तंतुमय ऊती, १ ते ३ मध्ये कूर्चा, १ च्या खाली हाड. जर्मनीतील उल्मच्या क्लाएस आणि हायगेले यांनी १९९९ मध्ये ताण आणि दाब यांवर बेतलेला पर्यायी नियम दिला.

एक फेरी अशी चालते. पहिल्या दिवशी संपूर्ण कॅलस कणमय ऊती मानून तिला ०.२ मेगापास्कल इतका ताठपणा दिला जातो. भार टाकला, प्रत्येक तुकड्याची बेरीज काढली, आणि ज्या तुकड्याला जी ऊती लागू झाली तिच्याप्रमाणे त्याचा ताठपणा बदलला : तंतुमय ऊतीला २, कूर्चेला १०, कच्च्या हाडाला १,०००, पक्क्याला ६,०००. मूळ हाडाचा ताठपणा २०,००० धरतात, म्हणजे सुरुवातीच्या ऊतीच्या लाखपट. दुसऱ्या दिवशी बदललेल्या कॅलसवर तोच भार पुन्हा. कडेला आधी हाड धरले की आतली हालचाल कमी होते आणि मग आतही हाड धरते. हा क्रम कोणी आधी लिहून ठेवलेला नसतो, तो गणितातून आपोआप उमटतो. या पद्धतीवर विश्वास बसतो तो इथे. लाक्रोआ आणि प्रेंडरगास्ट यांनी २००२ मध्ये यात अस्थिमज्जेतून पसरत येणाऱ्या पेशीही घातल्या. नंतरच्या प्रतिरूपांत वाढीचे घटक, म्हणजे पेशींना वाढीचा इशारा देणारी द्रव्ये, आणि नव्या रक्तवाहिन्याही आल्या.

मर्यादा मोठ्या आहेत. बहुतेक नियम मेंढ्यांच्या नडगीवर पारखलेले आहेत आणि भार धरला जातो तो सरळ चालण्याचा. नागपुरात मेडिकल, मेयो किंवा एम्स या रुग्णालयांत विदर्भातून आणि शेजारच्या मध्य प्रदेशातून येणारा रुग्ण घरी गेल्यावर जमिनीवर मांडी घालून बसतो, उकिडवा बसतो, शेताच्या बांधावरून चालतो. फट कशी पिळली जाते हे यावरच ठरते, आणि प्रतिरूपात नेमका हाच भार नसतो. सिगारेट-बिडीने हाड जुळणे लांबते हे अभ्यासांत दिसले आहे आणि तंबाखू-सुपारीच्या खर्र्यातही निकोटीन असतेच. यांत्रिक नियमांत त्याला जागा नाही. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात रक्तपुरवठा तुटून हाडाचे भाग मरतात, तर प्रतिरूप निरोगी मज्जेतून पेशी येतील असे गृहीत धरते. इथल्या रुग्णांसाठी खरे काम या माहितीवरच व्हायला हवे. सान्त घटक पद्धत विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत शिकवली जाते आणि रुग्ण त्याच शहरातल्या वॉर्डांत आहेत, ही नागपूरची जमेची बाजू.

गरजही खरी आहे. नऊ महिने झाले आणि शेवटचे तीन महिने एक्स-रेत काहीच प्रगती नाही, तर हाड जुळले नाही असे समजण्याची एक रूढ व्याख्या आहे. मजुरीवर घर चालवणाऱ्याला तेवढी वाट पाहणे परवडत नाही. तिसऱ्या महिन्यातच धोका कळला तर दुसरी शस्त्रक्रिया वेळेत ठरवता येते.

रुग्णसेवेच्या सर्वांत जवळ आलेला प्रकार त्यामानाने साधा आहे. सीटी स्कॅनवरून कॅलसची घनता घ्यायची आणि ते हाड संगणकावरच पिळून पाहायचे. यात पुढचे भाकीत नसते, आज हाड किती ताठ आहे एवढेच कळते. पण पायावर वजन कधी टाकू द्यायचे हे ठरवायला तेही उपयोगी पडते. अडचण धातूची आहे : स्टीलच्या रॉडमुळे सीटीत रेघा उमटून कॅलसची घनता चुकीची येते, टायटॅनियममुळे हा दोष कमी होतो.