ऐंशी टक्के म्हणजे शंभरात ऐंशी नव्हे

गेल्या दिवाळीत ओळखीतलं एक जोडपं फराळाला आलं. तो सॉफ्टवेअरमध्ये, वय चौतीस. ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान दोनच वर्षांपूर्वी झालेलं. त्याआधी सगळे त्याला नुसताच 'विक्षिप्त' म्हणायचे. चकलीचं ताट बाजूला सारून त्याने चार घड्या घातलेला कागद माझ्यापुढे ठेवला. वर लिहिलं होतं 'मूल हवं का?' आणि खाली पहिल्याच ओळीत लाल शाईने '८०%'.

"काका, ऑटिझम ऐंशी टक्के आनुवंशिक असतो. म्हणजे आमचं मूल ऑटिस्टिक असण्याची शक्यता ऐंशी टक्के, बरोबर?"

आकडा खरा आहे. डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया इथल्या वीस लाख मुलांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये तो निघाला. त्याने लावलेला अर्थ मात्र साफ चुकीचा, आणि तो मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकला आहे.

उसाचा फड डोळ्यांसमोर आणा. ऊस बियांपासून नाही, बेण्यापासून लावतात. एकाच जातीचं बेणं, म्हणजे फडातली सगळी रोपं जनुकांनी जवळजवळ एकसारखी. तरी पाटाजवळचा ऊस उंच, बांधाकडचा खुरटा. इथे उंचीतला सगळा फरक पाण्याचा आणि खताचा. उंचीची आनुवंशिकता शून्य. आणि ऊस उसासारखा वाढतो तो तर पूर्णपणे जनुकांमुळेच! आता उलट करा. दहा जाती मिसळून लावा, पाणी आणि खत सगळ्यांना अगदी सारखं द्या. आता फरक पडेल तो जातीमुळेच, आनुवंशिकता शंभर टक्क्यांच्या घरात. 'आनुवंशिकता' हे असं सगळ्या फडाचं माप आहे. माणसामाणसांतल्या फरकापैकी किती वाटा जनुकांतल्या फरकाचा, एवढंच ते सांगतं. एका उसाबद्दल किंवा एका बाळाबद्दल ते थेट काहीच बोलत नाही.

मग बाळाचं गणित कसं करायचं? मला मनापासून आवडणारा भाग आता येतो. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी एक परिच्छेद सोडून पुढे जावं.

प्रत्येक माणूस म्हणजे एक तळं समजा. त्यात हजारो ओहोळ येऊन मिळतात. प्रत्येक ओहोळ म्हणजे एखादा बारीकसा जनुकीय फरक, एकेकटा जवळपास निरुपद्रवी. पाणी सांडव्यावरून गेलं की निदान होतं. लोकसंख्येत ऑटिझम शंभरात दोन धरू (देशागणिक आणि निदानाच्या पद्धतीगणिक हे बदलतं). ऑटिस्टिक माणसांच्या तळ्याची पातळी सरासरीपेक्षा १०० सेंटिमीटर वर असेल, तर सांडवा साधारण ८५ वर येतो. त्या १०० पैकी वारशाचे ८० (तेच ऐंशी टक्के), बाकीचे इतर कारणांचे. त्यातले निम्मेच मुलाकडे जातात, म्हणजे ४०. दुसरा पालक चारचौघांसारखा धरला, तर मुलांची सरासरी पातळी ४०, सांडवा ८५. प्रत्येक मूल वेगळं, कारण आईकडून आणि बाबांकडून येणाऱ्या २३ गुणसूत्रांची नुसती निवडच एकेका पालकाकडून ८३,८८,६०८ प्रकारे होऊ शकते. त्यामुळे पातळी ४० च्या आसपास चांगलीच पसरते. हे सगळं मांडलं की सांडवा ओलांडणारी मुलं येतात शंभरात सुमारे बारा. दोघंही ऑटिस्टिक असतील तर मुलांची सरासरी ८० वर जाते, आणि शंभरात पंचेचाळीसच्या आसपास. तेव्हासुद्धा ऐंशी नाही.

हे कागदावरचं गणित झालं. प्रत्यक्ष मोजलेला जवळचा आकडा भावंडांचा आहे: एक मूल ऑटिस्टिक असेल तर पाठच्या भावंडांत ते शंभरात वीसच्या आसपास दिसतं. भावंडांतही सरासरी निम्मी जनुकं सामाईक असतात. म्हणून त्याला म्हटलं, बाराऐवजी वीस धर हवं तर.

सांडव्याचं हे चित्र सगळ्यांना लागू नाही. काही घरांत एकाच जनुकातल्या बदलाचा वाटा फार मोठा असतो. फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक विकारात आईकडे तो बदललेला जनुक असेल, तर तो मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. अशा घरात जनुकीय समुपदेशकाकडे जायलाच हवं. काही बदल तर आई-वडिलांत नसतातच, बाळात नव्याने येतात. आइसलंडमधल्या २०१२ च्या अभ्यासात वडिलांच्या वयाच्या दर वर्षामागे असे दोनेक बदल वाढताना दिसले. त्यातले बहुतेक काहीच करत नाहीत.

त्याच्या सासूबाईंनी पत्रिकेतला राहू आधीच शोधून ठेवला होता, आणि कुठल्याशा गर्भसंस्कार वर्गाने 'ऑटिझम टाळणारं' पॅकेज दिलं होतं. राहूला निदान फी तरी नसते, असं मी म्हणणार होतो. मग शांतीचा खर्च आठवला.

पण यातलं काहीही 'मूल होऊ द्यावं का' याचं उत्तर नाही. बारा काय, पंचेचाळीस काय, ऑटिस्टिक मूल म्हणजे टाळायची आपत्ती असं धरलं तरच तो आकडा निकाल देतो. तसं धरणाऱ्यांचा इतिहास आपल्याकडे फार जुना नाही. १९९४ मध्ये पुण्यात सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची गर्भाशयं काढली गेली आणि ओरड झाल्यावर काम थांबलं. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्याने आता संमतीशिवाय असं काही करता येत नाही, आणि त्या कायद्यात ऑटिझम आहे.

ऑटिस्टिक आयांवर २०२० मध्ये आलेल्या एका अभ्यासात एकाच वेळी चार कामं सांभाळणं, घरकाम आणि नैराश्य हे त्रास इतर आयांपेक्षा जास्त आढळले. मुलाच्या गरजा आधी पाहण्यात मात्र त्या मागे नव्हत्या.

त्याच्या कागदावर ८०% च्या खाली हेच सगळं बारीक अक्षरात होतं: रडण्याचा आवाज, कुकरची शिट्टी आणि टीव्ही एकाच वेळी, अंगावर कुणीतरी सतत, बारशाला साठ माणसं, झोप.

त्याने ८० खोडून १२ ते २० लिहिलं. बायकोने पेन त्याच्या हातातून घेतलं आणि 'झोप'पुढे लिहिलं: रात्री दोनपर्यंत मी, नंतर तू. तो बराच वेळ त्या ओळीकडे पाहत बसला. मग म्हणाला, "दोन नको. दीड कर."