थायरॉइडचा आहार: कोबीपेक्षा मीठ, गोळी आणि तपासणीकडे बघा

कोबी बंद, फ्लॉवर बंद, सोयाबीन बंद. थायरॉइड कमी काम करतं असं निदान झालं की ही यादी कुणीतरी हातात ठेवतंच. घरात मीठ कोणतं आहे, केसांसाठी कसली गोळी चालू आहे आणि सकाळची थायरॉइडची गोळी कॉफीच्या किती आधी घेतली जाते, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. खरा फरक तिथे पडतो.

थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी-४ हे हार्मोन बनवते. त्याच्या एका रेणूत आयोडीनचे ४ अणू असतात आणि वजनाने पाहिलं तर टी-४चा सुमारे ६५ टक्के भाग आयोडीनच असतो. हे आयोडीन जागेवर बसवणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं. पुढे यकृत, मूत्रपिंड अशा अवयवांत टी-४मधला एक अणू काढला जातो आणि प्रत्यक्ष काम करणारं टी-३ तयार होतं. ही काढणी करणारी एन्झाइमं सेलेनियमवर चालतात. म्हणजे आयोडीन, लोह आणि सेलेनियम ही तीन खनिजं महत्त्वाची. टायरोसिन हा चौथा कच्चा माल नेहमीच्या जेवणातल्या प्रथिनांतून भरपूर मिळतो, त्याच्या वेगळ्या गोळ्या घेण्यात अर्थ नाही.

प्रौढ माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात जागतिक आरोग्य संघटना २५० मायक्रोग्रॅम सुचवते. ७० वर्षांची बेरीज केली तरी ती ४ ग्रॅमच्या आत राहते. पण ते एकदम खाऊन चालत नाही. तयार हार्मोनचा ग्रंथीतला साठा दोन-तीन महिन्यांचाच असतो, त्यामुळे पुरवठा थोडा थोडा आणि सतत व्हावा लागतो. समुद्री मासे, दूध आणि अंडी हे चांगले स्रोत. भाज्या-धान्यांचा भरवसा नाही, कारण त्यांतलं आयोडीन जमिनीवर अवलंबून असतं आणि डोंगराळ किंवा वारंवार पूर येणाऱ्या भागात ते मातीतून वाहून गेलेलं असतं. म्हणूनच गलगंडाने पिडलेल्या स्वित्झर्लंडमध्ये १९२२मध्ये आणि अमेरिकेच्या मिशिगनमध्ये १९२४मध्ये मिठात आयोडीन घालायला सुरुवात झाली.

मिठाचा हिशेब करून पाहू. किलोला ३० मिलिग्रॅम आयोडीन असलेलं मीठ दिवसाला ५ ग्रॅम खाल्लं, तर कागदावर बरोबर १५० मायक्रोग्रॅम होतात. पण कारखान्यातून घरापर्यंत साधारण २० टक्के आणि शिजवताना आणखी २० टक्के घट धरतात. ताटात उरले ९६. बाकीचे दूध, अंडी, मासे यांतून यावे लागतात. हे काहीच न खाणारा, वर सैंधव किंवा गुलाबी मीठ वापरणारा आणि दुधाऐवजी बदामाचं किंवा ओट्सचं पेय घेणारा माणूस नकळत तुटीत जातो. समुद्री मिठातही नैसर्गिक आयोडीन नगण्यच असतं. पाकिटातले पदार्थ खारट लागले तरी त्यांतलं मीठ अनेकदा आयोडीनयुक्त नसतं. उपाय म्हणजे मीठ बदलणं. प्रमाण वाढवणं नव्हे, ते ५ ग्रॅमच्या आतच ठेवावं. बरणी घट्ट झाकणाची हवी, शेगडीच्या वाफेपासून दूर. मीठ शक्यतो शिजवण्याच्या शेवटी घालावं. वेष्टनावर ‘पोटॅशियम आयोडेट’ असेल तर उत्तम, दमट हवेत ते आयोडाइडपेक्षा जास्त टिकतं.

दुसऱ्या टोकाला केल्प या समुद्री शेवाळाच्या गोळ्या आहेत. ‘थायरॉइडसाठी नैसर्गिक आधार’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोष्टींत मला या सर्वांत घातक वाटतात. प्रौढांसाठी आयोडीनची वरची मर्यादा अमेरिकेत १,१०० मायक्रोग्रॅम आहे, युरोपात ६००. काही केल्पच्या एका ग्रॅममध्येच हजारो मायक्रोग्रॅम निघतात. इतकं आयोडीन आलं की ग्रंथी हार्मोन बनवणं थांबवते. हा परिणाम वुल्फ आणि चायकॉफ यांनी १९४८मध्ये उंदरांवर दाखवला. निरोगी ग्रंथी काही दिवसांत आयोडीन आत घेणं कमी करते आणि पुन्हा कामाला लागते. हाशिमोटो आजारात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर हल्ला करते तेव्हा, ही सुटका अनेकदा होत नाही आणि हार्मोन आणखी घसरतं. गाठी असलेल्या ग्रंथीत उलट होऊन हार्मोन उसळू शकतं.

आता कोबी. बदनामी निराधार नाही. १९२८मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वेगळ्याच संशोधनासाठी पाळलेल्या सशांना मुख्यतः कोबी खाऊ घालत होते आणि त्यांना गलगंड झाले. कोबीवर्गीय भाज्या चिरल्या-चावल्या की त्यांतलं मायरोसिनेज एन्झाइम ग्लुकोसिनोलेट्स ही गंधकयुक्त संयुगं फोडतं. त्यातून निघणारं थायोसायनेट आयोडीनला ग्रंथीत शिरू देत नाही, तर त्यातूनच निघणारं गॉयट्रिन आयोडीन हार्मोनमध्ये जोडलं जाणं रोखतं. पण मायरोसिनेज उष्णतेने निकामी होतं. १९८६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दहा जणांनी चार आठवडे रोज १५० ग्रॅम शिजवलेले ब्रसेल्स स्प्राउट खाल्ले, थायरॉइडच्या आकड्यांत फरक पडला नाही. उलट उदाहरणही आहे: ८८ वर्षांची एक स्त्री कित्येक महिने रोज एक ते दीड किलो चिनी कोबी कच्चा खात होती आणि थायरॉइड संपूर्ण मंदावून कोमात गेली. ही नोंद २०१०ची. या दोन टोकांच्या मध्ये आपली वाटीभर भाजी कुठे बसते, ते उघड आहे. शिजवून खा. जपायचं ते कच्च्या पानांच्या रोजच्या मोठ्या ‘स्मूदी’ला, आणि तेही आयोडीन कमी पडत असेल तर जास्त.

सोयाबीनचं तसंच. आयोडीन पुरेसं असेल तर ग्रंथीवर त्याचा परिणाम किरकोळ. ते गोळीचं शोषण मात्र कमी करतं.

सेलेनियमची रोजची गरज ५५ मायक्रोग्रॅम. ब्राझील नट्समध्ये ते इतकं असतं की एकाच दाण्यात दिवसभराची गरज भागू शकते. मूठभर रोज खाल्ले तर नखं ठिसूळ होतात, केस गळतात, श्वासाला लसणासारखा वास येतो. केसगळती थांबवायला सुरू केलेला उपाय केसच घालवतो! लोहाच्या बाबतीत अंदाजाने गोळ्या घेण्याआधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी, तपासावं.

ग्रंथी निकामी झाली असेल तर आहार लिव्होथायरॉक्सिनची, म्हणजे टी-४च असलेल्या थायरॉइडच्या गोळीची, जागा घेत नाही; आहाराची वेळ पाळणं मात्र गोळीला उपयोगी पडतं. गोळी रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि नाश्ता, कॉफी ३० ते ६० मिनिटांनंतर. सकाळ जमत नसेल तर रात्री, शेवटच्या जेवणानंतर ३ तासांनी. कॅल्शियम, लोह आणि आम्लपित्तावरची औषधं ४ तास लांब ठेवावीत. ती आतड्यात गोळीला बांधून ठेवतात. डोस वाढत जातो आणि टीएसएच (हार्मोन कमी पडलं की वाढणारा, ग्रंथीला कामाला लावणारा संदेश) उतरत नाही, तेव्हा आधी हे वेळापत्रक तपासावं.

केसांच्या गोळ्यांत बायोटिन ५ ते १० मिलिग्रॅम असतं, गरज ३० मायक्रोग्रॅमची. ते ग्रंथीला त्रास देत नाही, पण तपासणी बिघडवतं. अनेक प्रयोगशाळांतल्या चाचण्या बायोटिनच्याच जोडणीवर चालतात. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसतो, म्हणजे धडधाकट माणसाचा अहवाल अतिक्रियाशील थायरॉइडचा येतो. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस ही गोळी बंद ठेवावी.

आणखी एक फसवा आकडा कडक उपासाचा. अन्न एकदम तोडलं की काही दिवसांतच टी-३ घसरतं, कारण शरीर ऊर्जा वाचवू लागतं. टीएसएच बहुधा ठीकच असतो. अशा वेळी उपाय पुरेसं खाणं हाच.

टी-४चं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे ७ दिवस असल्याने डोस किंवा वेळ बदलल्यावर आकडे स्थिरावायला ६ ते ८ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत पुन्हा तपासलं तर मधलाच, अर्धवट आकडा हाती येतो आणि त्यावरून डोस उगाच बदलला जातो.